साथीच्या काळात पालिकेच्या सूचना वाचताना या चुका टाळा

जून २०२१. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे दुपारी चार वाजता कपड्यांच्या, भांड्यांच्या दुकानांची शटरं खाली यायची. नाका ओलांडून ठाण्यात गेलं की तशीच दुकानं संध्याकाळीही उघडी दिसायची. राज्य एक, सरकारी आदेशही एकच. पण त्या आठवड्यात मुंबई कोविड निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरात होती आणि ठाणे शहर दुसऱ्या. स्तराचा आकडा जितका मोठा, तितके निर्बंध कडक.

मी तेव्हा मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीचा सचिव होतो. ४८ घरं, खाली चार दुकानं. फोन सतत वाजायचा आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असायचा: "अहो, आज नक्की काय चालू आणि काय बंद?" विचारणारी माणसं बेफिकीर नव्हती. त्यांना नियम पाळायचे होते. सूचना कशी वाचायची हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं, मलाही नाही. मार्च २०२० ते मार्च २०२२ या दोन वर्षांत आम्ही ज्या चुका केल्या आणि आजूबाजूला पाहिल्या, त्या इथे लिहितो आहे. साथ कुठलीही असो, शहर कुठलंही असो, यातल्या बऱ्याच चुका पुन्हा होण्यासारख्या आहेत.

घोषणेला आदेश समजणं

सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. ३ जून २०२१ च्या संध्याकाळी मदत व पुनर्वसन मंत्र्यांनी पत्रकारांना सांगितलं की राज्य पाच स्तरांत उघडणार आणि उद्यापासून १८ जिल्ह्यांतले निर्बंध उठणार. चॅनेलांवर पट्ट्या फिरल्या, व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले. काही तासांतच सरकारकडून खुलासा आला की निर्बंध उठवलेले नाहीत, प्रस्ताव अजून विचाराधीन आहे. प्रत्यक्ष आदेश दुसऱ्या दिवशी निघाला आणि ७ जूनपासून लागू झाला. मधल्या तीन दिवसांत ज्यांनी कामगारांना गावाहून बोलावलं, नाशवंत माल भरला, त्यांचं नुकसान कोणी भरून दिलं नाही.

याच चुकीचं जास्त दुःखद रूप आपण १४ एप्रिल २०२० ला वांद्रे स्टेशनबाहेर पाहिलं. लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढल्याचं त्या सकाळी जाहीर झालं होतं, आणि तरी परप्रांतीय मजुरांसाठी गाड्या सुटणार अशी बातमी पसरल्यामुळे हजारो माणसं तिथे जमली. घरी जायची आस लागलेल्या माणसाला 'आदेश दाखवा' असं म्हणायला कसं सुचणार? म्हणून ही काळजी ज्याला वाचता येतं त्याने, आपल्या इमारतीच्या वॉचमनसाठी आणि कामाला येणाऱ्या मावशींसाठीही, घ्यायला हवी.

आदेश ओळखायचा कसा? त्यावर क्रमांक आणि तारीख असते. कोणत्या कायद्याखाली काढला ते लिहिलेलं असतं. कोविडच्या काळात १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, ही दोन नावं जवळजवळ प्रत्येक आदेशात होती. खाली सही असते आणि सहीखाली पद असतं. राज्याच्या आदेशावर बहुधा मुख्य सचिव, मुंबईच्या आदेशावर महापालिका आयुक्त. यातलं काहीच नसेल तर तो निरोप आहे. निरोपावर दुकान उघडू नका आणि बंदही करू नका.

आपण कुणाच्या हद्दीत राहतो हे माहीत नसणं

चेकनाक्याचं उदाहरण वर दिलंच. जून २०२१ च्या आदेशात मोठ्या महापालिका स्वतंत्र घटक धरल्या होत्या आणि जिल्ह्याचा उरलेला भाग वेगळा. त्यामुळे 'ठाणे जिल्हा' म्हणून आलेली बातमी ठाणे शहराला लागू असेलच असं नव्हतं. पुण्यात तर पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड, ग्रामीण भाग आणि तीन कॅन्टोन्मेंट बोर्ड एकमेकांना चिकटून आहेत. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कार्यालयं.

हा घोळ कोविडबरोबर संपलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले, तेव्हा दूषित पाण्याचा संशय आला आणि नांदेड गाव, किरकटवाडीचं नाव पुढे आलं. ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आलेली. पाणी नेमकं कुठून येतं, त्यावर प्रक्रिया कोण करतं, तक्रार कुणाकडे न्यायची, हे प्रश्न तिथल्या लोकांना आजारपणाच्या मध्यावर सोडवावे लागले.

मुंबईकरांसाठी याहून बारीक गोष्ट म्हणजे वॉर्ड. कोविडच्या काळात पालिकेचे २४ वॉर्ड होते. वॉर्डांची नावं अक्षरांनी आहेत. मुलुंड टी, भांडूप एस, धारावी आणि दादर जी उत्तर. पोस्टाच्या पत्त्यात हे अक्षर नसतं, म्हणून जन्म मुंबईत गेलेल्यांनाही ते ठाऊक नसतं. मालमत्ता कराच्या बिलावर पाहा आणि आजच लिहून ठेवा. त्याची गरज का पडते ते पुढे येईल.

आकडा पाहून नियम ठरवणं

पाच स्तरांच्या त्या आदेशात दोन मोजमापं होती: तपासलेल्यांपैकी किती टक्के बाधित निघाले आणि ऑक्सिजनचे किती बेड भरले. पहिलं पाच टक्क्यांखाली आणि दुसरं २५ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर दुसरा स्तर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईचे आकडे ४.४० आणि २७.१२ आले. आमच्या ग्रुपवर लगेच हिशेब मांडला गेला: सोमवारपासून आपण दुसऱ्या स्तरात! पण पालिकेने मुंबई तिसऱ्याच स्तरात ठेवली. शहराची दाट वस्ती, लोकलची गर्दी, उपनगरांतून रोज येणारे लोक यांचा विचार करून पालिकेने धोका पत्करला नाही. पुढे २५ जूनला राज्यानेच ठरवलं की आकडे काहीही असोत, तिसऱ्या स्तराच्या खाली कुणी जायचं नाही. आकड्यावरून अंदाज बांधता येतो. शटर मात्र आदेशावरच उघडायचं.

रोजच्या आकड्यांनी घाबरण्याची चूकही तितकीच झाली. १६ जून २०२० ला मुंबईच्या मृतांत एकदम ८६२ ची भर पडली. जुन्या मृत्यूंची पडताळणी होऊन ती नोंद त्या दिवशी झाली होती. ज्यांनी नुसता आकडा वाचला त्यांना वाटलं, शहरात एका दिवसात एवढी माणसं गेली. माझी आई त्या रात्री झोपली नाही. सोमवारी आकडा उतरलेला दिसला तरी हुरळून जाऊ नये, कारण रविवारी तपासण्याच कमी होतात.

'मुदत वाढवली' एवढंच वाचणं

मुदतवाढीचा आदेश अनेकदा पानभराचाच असतो. आधीचे निर्बंध अमुक तारखेपर्यंत चालू राहतील, असं एक वाक्य. आपण ते वाचतो आणि मोबाइल खाली ठेवतो. पण मे २०२१ मध्ये निर्बंध १ जूनपर्यंत वाढवताना त्याच आदेशात नवी अट होती: राज्यात येणाऱ्याजवळ ४८ तासांच्या आतला आरटी-पीसीआर निगेटिव्ह अहवाल हवा. मालवाहू गाडीत दोनच माणसं, हेही त्यातच. ज्यांचा माल गुजरातेतून येत होता त्यांना हे सीमेवर कळलं.

तास पाहायलाही विसरू नका. १४ एप्रिल २०२१ चे निर्बंध रात्री ८ वाजल्यापासून १ मे सकाळी ७ पर्यंत होते. '१४ तारखेपासून बंद' म्हणून आमच्या खालच्या शिंप्याने अख्खा दिवस दुकान उघडलं नाही. हाताशी पैसा नसलेल्या माणसाचा एक दिवस असा फुकट जाणं मला आजही लागतं, कारण त्याला तो निरोप मीच दिला होता.

जुना नियम डोक्यात घेऊन फिरणं

५ जून २०२० पासून मुंबईत रस्त्याच्या एका बाजूची दुकानं एक दिवस, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडायची. ५ ऑगस्टपासून दोन्ही बाजू रोज उघडल्या. एप्रिल २०२१ मध्ये पोलिसांनी गाड्यांसाठी लाल, हिरवे, पिवळे स्टिकर आणले आणि आठवडाभरात मागे घेतले. तरी मे महिन्यात लोक मला विचारत होते की पिवळा स्टिकर कुठे मिळतो.

इमारत सील करण्याच्या नियमात तर फारच गोंधळ झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत पाच किंवा जास्त रुग्ण सापडले की इमारत सील व्हायची. जानेवारी २०२२ मध्ये पालिकेने निकष बदलला: राहत्या घरांपैकी २० टक्क्यांहून जास्त घरांत रुग्ण असतील तर पूर्ण इमारत किंवा विंग सील. आमच्या ४८ घरांसाठी हा फरक मोठा. जुन्या नियमाने एका एकत्र कुटुंबातले पाच जण पुरे होते, नव्या नियमाने किमान १० घरं लागत होती. शेजारच्या एका सोसायटीने जुनं पत्रक धरून गेट बंद केलं आणि डायलिसिसला जाणाऱ्या आजोबांना गेटवर अर्धा तास उभं राहावं लागलं. सोसायटीने आदेशापेक्षा जास्त कडक होणं म्हणजे सुरक्षा वाढवणं, असा तेव्हा अनेक समित्यांचा समज होता. आजारी माणसाच्या, कामवालीच्या, घरी पार्सल आणणाऱ्या पोराच्या वाट्याला त्याचा त्रास आला.

राज्य आणि पालिका यांच्या आदेशांत फरक दिसला तर एक सोपी खूण: त्या काळात स्थानिक प्रशासनाला निर्बंध जास्त कडक करता यायचे, राज्याच्या परवानगीशिवाय सैल करता येत नव्हते. त्यातच पोलिसांची जमावबंदी वेगळी. जून २०२० च्या अखेरीस राज्याने खरेदी घराजवळच करा म्हटलं आणि मुंबई पोलिसांनी त्याला दोन किलोमीटरचा आकडा लावला. हजारो गाड्या जप्त झाल्या. दोन्ही कागद समोर ठेवून जो कडक असेल तो पाळणं, एवढंच हाती होतं.

दुकानदारांनी केलेली एक चूक

२७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात दंडाचे तीन आकडे होते. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये. ग्राहकाने दुकानात मास्क घातला नसेल आणि दुकानदाराने ते चालवून घेतलं तर दुकानाला १०,००० रुपये. दुकानाने स्वतः नियम मोडला तर ५०,००० रुपये. बहुतेकांनी फक्त पहिला आकडा वाचला आणि 'गिऱ्हाईक भरेल त्याचा दंड' म्हणून गप्प बसले. त्याच आदेशात हेही स्पष्ट होतं की रुमाल म्हणजे मास्क नाही. तोंडाला रुमाल बांधलेल्या गिऱ्हाइकाला "काका, मास्क लावा" म्हणणं संकोचाचं वाटतं, हे मी समजू शकतो. काउंटरवर दहा-वीस साधे मास्क ठेवून हातात देणारे दुकानदार या संकोचातून सुटले, आणि त्यांची गिऱ्हाइकंही दुखावली नाहीत.

बेडसाठी भलत्या दारात जाणं

मुंबईत २०२० च्या मध्यापासून प्रत्येक वॉर्डात वॉर रूम होती आणि बेड तिथून मिळायचा. पण रात्री दोन वाजता ऑक्सिजन ८८ वर आलेल्या बापासाठी मुलगा एकामागून एक हॉस्पिटलांना फोन लावत बसायचा. त्यात तास जायचे. रुग्ण जिथे राहतो त्या वॉर्डाच्या वॉर रूमला किंवा १९१६ या पालिकेच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हे त्या घाबरलेल्या क्षणी सुचत नाही. म्हणून आधी सांगितलेलं ते वॉर्डाचं अक्षर लिहून ठेवायचं. फोन लावण्याआधी वय, अहवाल, ऑक्सिजनचा आकडा, चालू औषधं एका कागदावर घ्या. पलीकडच्या डॉक्टरला तेच विचारायचं असतं.

लसीच्या बाबतीत घाईने घात केला. ३० मे २०२१ ला कांदिवलीतल्या एका गृहसंकुलात शिबिर झालं, ३९० जणांनी डोसला १,२६० रुपये दिले. नंतर वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या नावांची प्रमाणपत्रं आली आणि संशय येऊन पोलिसांत तक्रार गेली. कुणी शिबिर भरवतो म्हटलं तर आधी वॉर्ड कार्यालयाला आणि ज्या हॉस्पिटलचं नाव घेतलं जातंय त्याला स्वतः फोन करून विचारा. मध्यस्थाने दिलेल्या नंबरवर नव्हे.

अडलंच तर

सूचना कळत नसेल तर वॉर्ड कार्यालयाला ईमेलने एकच नेमका प्रश्न विचारा: 'आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर इस्त्रीचं दुकान आहे, ते या आदेशाप्रमाणे चालू ठेवता येईल का?' मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येतं. उत्तर आलं की त्याची प्रत दुकानात लावा. पालिकेसाठी दंड वसूल करणाऱ्या मार्शलने दंड मागितला तर पालिकेची छापील पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दंड चुकीचा वाटला तर जागेवर वाद न घालता पावतीचा फोटो जोडून तक्रार करा. ग्रुपवर सूचना पाठवताना स्क्रीनशॉटऐवजी पूर्ण पीडीएफ पाठवा आणि वर स्वतःच्या शब्दांत तीनच ओळी लिहा: कुठे लागू, कधीपासून कधीपर्यंत, आणि आधीच्या कोणत्या आदेशाच्या जागी. चौथी ओळ लिहायचा मोह होतो, पण ती बहुधा आपलं मत असते.

३१ मार्च २०२२ ला राज्याने निर्बंध उठवत असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशीपर्यंतचे सगळे आदेश मी तारखेनुसार एका फाईलमध्ये लावले. फाईल सोसायटीच्या कपाटात आहे. पहिल्या पानावर लाल शाईने टी वॉर्ड आणि १९१६ लिहिलंय. त्याखाली, ज्यांच्या घरी एकटे ज्येष्ठ राहतात अशा सात घरांचे नंबर.