घरी पुढचे फोर्क काढताय? मग गाडी उचलायच्या आधी हे वाचा

खरं सांगायचं तर मोटरसायकलचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दोन नळ्या, काढणं म्हणजे सहा बोल्ट ढिले करायचे आणि त्या नळ्या खाली ओढायच्या, बस. बऱ्याच अ‍ॅडव्हेंचर गाड्यांना प्रत्येक बाजूला वरच्या टीला (टी म्हणजे दोन्ही नळ्या धरून ठेवणारा आडवा तुकडा) एक आणि खालच्या टीला दोन असे क्लॅम्पचे बोल्ट असतात. लोकांची गाडी अडते ती तिथे नाही, तर जो बोल्ट गाडी जमिनीवर असताना ढिला करायचा होता तो हवेत उचलल्यावर आठवतो तिथे. मग लांब पाना लावून जोर द्यायचा, गाडी स्टँडवर डुलते आणि आपल्या पोटात गोळा येतो. म्हणून मी इथे पाने कुठले घ्यायचे यापेक्षा कुठली गोष्ट कशाच्या आधी करायची यावरच जास्त बोलणार आहे.

त्याआधी एक बघून घ्या, तुम्हाला फोर्क खरंच काढायचेत का. फोर्कच्या सीलमधून तेल गळतंय एवढंच कारण असेल तर आधी डस्ट सील खाली सरकवून आत अडकलेली माती साफ करून बघा, पातळ प्लॅस्टिकची फिल्म ऑइल सीलच्या ओठाखाली हळूच फिरवली की बऱ्याचदा एखादा वाळूचा कण बाहेर येतो आणि गळती थांबते. नाही थांबली, किंवा ऑइल बदलायचंय, स्प्रिंग बदलायचीय, कोन सेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग) बदलायचाय, तर मग काढा. आणि तुमच्याकडे बीएमडब्ल्यूची आर १२०० जीएस किंवा आर १२५० जीएस असेल तर हे तुमच्यासाठी नाही, त्यांना पुढे टेलिलिव्हर असतो, स्प्रिंगचं आणि डॅम्पिंगचं (उसळी आवरण्याचं) काम मधला वेगळा शॉक करतो आणि सगळी रचनाच निराळी आहे. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनवाल्या गाडीत फोर्कमधून वायर येते, तिचा कनेक्टर आधी शोधून सोडवायचा, ती वायर विसरून फोर्क ओढलात तर खर्च वाढला म्हणून समजा.

आता गाडी जमिनीवर, दोन्ही चाकं टेकलेली, तेव्हाच करायची कामं. पहिलं म्हणजे फोटो. चारही बाजूंनी, ब्रेकच्या होजचे, एबीएसच्या वायरचे, ती कुठल्या क्लिपमधून कशी जाते त्याचे. दहा मिनिटं जातात पण जोडताना हेच फोटो तुम्हाला वाचवतात. दुसरं, फोर्कची नळी वरच्या टीच्या वर किती आलीय ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा, दोन्ही बाजूंचं. कॅपचा घुमट धरून मोजू नका, नळीची कड धरा, आणि कडेपासूनच मोजलंय हेही लिहा, नाहीतर नंतर आपल्यालाच कळत नाही की ते पाच मिलिमीटर कुठून मोजले होते. तिसरं, फोर्क कडक-मऊ करायचे अ‍ॅडजस्टर असतील तर घड्याळाच्या दिशेने पूर्ण आत फिरवत क्लिक मोजा, आकडा लिहा. जोर लावून शेवटाला दाबू नका, हलकेच टेकलं की थांबा. फोर्क उघडणार असाल तर मोजून झाल्यावर अ‍ॅडजस्टर पूर्ण ढिला सोडा आणि प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) बदलता येत असेल तर तोही कमी करा, म्हणजे कॅप काढताना स्प्रिंगचा धक्का कमी बसतो.

मग येतो तो विसरला जाणारा भाग, फोर्कची कॅप. फोर्क आत उघडायचा असेल तर कॅप आत्ताच मोडून घ्या, म्हणजे फक्त पाव आटा ढिली करा, काढू नका. एकदा फोर्क हातात आला की ती गोल नळी पकडायची कशात? व्हाइसमध्ये आवळली की नळीची वाट लागते. पण इथे क्रम आहे, वरच्या टीचा बोल्ट आधी ढिला करायचा आणि खालची टी टाइट ठेवायची. वरचा क्लॅम्प बरोबर कॅपच्या आट्यांवर दाब देत असतो, तो सोडला नाही तर कॅप हलत नाही आणि आपण जोर वाढवत जातो. कॅप अ‍ॅल्युमिनियमची, मऊ असते, त्यामुळे सहा बाजूंचाच सॉकेट, बारा बाजूंचा नको, मध्ये एक पातळ कापड ठेवलं तर ओरखडेही येत नाहीत. हँडल आडवं येत असेल तर त्याचे क्लॅम्प काढून हँडल मागे घ्या, फक्त ब्रेक ऑइलचा डबा सरळ राहील असं बांधा.

याच वेळी एक्सलचा नट आणि एक्सलला फोर्कच्या टोकात आवळून धरणारे पिंच बोल्टही फक्त मोडून ठेवा, ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्टही. मडगार्डचे छोटे बोल्ट फोर्कच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये असतात, जाम झाले असतील तर आत्ताच गंज सोडवायचं तेल मारून चहा पिऊन या. घाईत आटे गेले की त्या छोट्या बोल्टसाठी अख्खा दिवस जातो.

आता उचलायचं. रेसिंग गाड्यांना वापरतात तो पुढचा पॅडॉक स्टँड, जो फोर्कच्या खालच्या टोकाला धरून उचलतो, तो इथे बिनकामाचा, कारण आपण तेच टोक काढणार आहोत. खालच्या टीच्या मधल्या भोकात पिन घालून उचलणारा स्टँड मिळत असेल तर उत्तम, पण कोन सेटही काढणार असाल तर तोही बाद. मेन स्टँड असलेल्या गाडीला मी मेन स्टँड आणि इंजिनखाली जॅक असं दोन्ही वापरतो. तुम्ही म्हणाल पुढचं चाक आणि फोर्क गेले की वजन मागे जातं, गाडी आपोआप मागच्या चाकावर बसते, मग जॅक कशाला? तर फोर्क अडकलेला असतो आणि तुम्ही तो दोन्ही हातांनी खाली ओढता, त्या क्षणी अख्खी गाडी तुमच्याकडे पुढे येते, मेन स्टँड मागे दुमडतो आणि संपलं. म्हणून मेन स्टँडच्या पायापासून पुढे क्रॅश गार्डपर्यंत एक रॅचेट पट्टा ताणून बांधा, म्हणजे स्टँड दुमडूच शकत नाही. मागे सीटवर किंवा कॅरियरवर वजन ठेवा.

जॅक कुठे लावायचा तेही बघा. इंजिनखालची बॅश प्लेट पातळ पत्र्याची असेल तर काढा, ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर आणि खालून जाणारा सायलेन्सरचा पाइप यांच्यावर जॅकचा भार येता कामा नये, मध्ये लाकडाचा जाड ठोकळा हवाच. मेन स्टँड नसेल तर मागे पॅडॉक स्टँड, पुढे जॅक, आणि छताला मजबूत बीम असेल तर फ्रेमच्या हेडजवळून दोन पट्टे वर. हँडलला टांगू नका, हँडल वळतं आणि केबल चेपतात. सगळं लावून झालं की गाडीला चारही दिशांनी हलवून बघा. डुलते? मग अजून पान्याला हात लावू नका.

इथून पुढे काम पटापट होतं. कॅलिपर काढा आणि होजवर लटकू देऊ नका, तारेने किंवा झिप टायने क्रॅश गार्डला टांगा. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी किंवा लाकडाची पट्टी घाला. हे मी एकदा टाळलं होतं, मी पाना शोधायला आत गेलो आणि तेवढ्यात भाच्याने मजा म्हणून ब्रेकचा लिव्हर दोनदा दाबला, पिस्टन बाहेर, पॅड एकमेकांना चिकटलेले, ते परत आत ढकलण्यात अर्धी संध्याकाळ गेली. तेव्हापासून लिव्हरवर टेपने चिठ्ठी चिकटवतो, ‘हात लावू नये’. एबीएसचा सेन्सर काढून बाजूला बांधा, वायर ताणू नका.

एक्सल काढताना चाकाखाली पाय किंवा फळी घालून वजन उचलून धरा म्हणजे एक्सल सहज सरकतो, नाहीतर ठोकायची वेळ येते. काही गाड्यांना नट नसतोच, एक्सल थेट एका फोर्कच्या आट्यात बसतो, तर कुठल्या बाजूने निघतोय ते बघून घ्या. दोन्ही बाजूंचे स्पेसर वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, निघाले की लगेच डावा-उजवा लिहून पिशवीत. चाक खाली ठेवताना डिस्कवर आडवं टाकू नका, डिस्क किंवा एबीएसची रिंग वाकली तर लिव्हर दाबल्यावर थरथर जाणवते आणि लोक बिचारे फोर्कला दोष देत बसतात.

मडगार्ड, फोर्क गार्ड काढले की नळ्या मोकळ्या. टीच्या वर जो नळीचा भाग दिसतोय तो ब्रेक क्लीनरने पुसा, तिथली धूळच क्लॅम्पमध्ये ओढली जाऊन ओरखडे पाडते. एका वेळी एकच फोर्क काढायचा. आधी वरचा बोल्ट, मग एक हात फोर्कवर घट्ट ठेवून खालचे दोन. हात ठेवायचा कारण काही वेळा तो स्वतःच्या वजनाने सटकन खाली येतो. बहुतेक वेळा मात्र येत नाही. मग डावी-उजवी पिळ देत खाली ओढायचं, थोडं तेल फवारायचं, परत पिळ. क्लॅम्पच्या फटीत पेचकस घालून ठोकणारे लोक मी पाहिलेत, तो कास्टिंगचा तुकडा आहे, चीर गेली तर अख्खी टी बदलावी लागते. फारच झालं तर बोल्ट पूर्ण बाहेर काढा आणि प्लॅस्टिकची पाचर हाताने, हलकेच.

निघालेल्या फोर्कवर डावा-उजवा टेप लावा. आजकाल बऱ्याच फोर्कमध्ये एका पायात (म्हणजे एका नळीत) कॉम्प्रेशनचं, म्हणजे दबतानाचं, आणि दुसऱ्यात रिबाऊंडचं, म्हणजे परत वर येतानाचं डॅम्पिंग, किंवा एकात स्प्रिंग आणि दुसऱ्यात डॅम्पिंग असतं, बाहेरून सारखे दिसले तरी आतून वेगळे. उभे ठेवा. आणि साधा टेलिस्कोपिक फोर्क पूर्ण खोलणार असाल तर तळाचा अ‍ॅलन बोल्ट वरची कॅप लावलेली असतानाच मोडून घ्या, आत स्प्रिंगचा दाब असला की डॅम्पर रॉड बोल्टसोबत गरगर फिरत नाही.

फोर्क बाहेर असताना एक फुकटची तपासणी करून घ्या, हँडल हळू डावीकडून उजवीकडे फिरवा. बरोबर मध्ये आल्यावर खाच लागल्यासारखं अडकत असेल तर कोन सेट गेलाय, आत्ता बदलणं सगळ्यात सोपं आहे.

परत बसवताना उलट क्रम, पण दोन जागा सोडून. पहिली जागा टीची. फोर्क मोजमापाप्रमाणे वर सरकवा, खालची टी टाइट, मग कॅप उघडली असेल तर तिचा टॉर्क (ठरलेल्या जोराने आवळणं), आणि सगळ्यात शेवटी वरची टी. खालचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळायचे, एक आवळला की दुसरा ढिला पडतो, म्हणून टॉर्क पाना दोघांवर तीन-चार वेळा फिरवा. टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. यूएसडी, म्हणजे जाड नळी वर असलेल्या उलट्या फोर्कला तो बऱ्याचदा कमी असतो, काहींना १२ ते १५ न्यूटन-मीटरच, कारण तिथे क्लॅम्प बाहेरची नळी दाबतो आणि जास्त आवळली तर आतली नळी बुशमध्ये घासून अडखळते. नवीन ऑइल, नवीन सील, तरी फोर्क कडक, असं झालं तर आधी हेच बघा.

दुसरी जागा एक्सलची. एक्सल पुसून पातळ ग्रीस लावा, टायरवरचा बाण बघा, स्पेसर जागेवर, एक्सल घाला आणि नट टॉर्कला आवळा. एक्सलचे पिंच बोल्ट अजून ढिलेच ठेवा. काही गाड्यांत नट आवळताना एका बाजूचे पिंच टाइट असावे लागतात, मॅन्युअलमध्ये असेल तर ते तेवढे, दुसरी बाजू मात्र मोकळीच हवी. मग कॅलिपर बसवा आणि लगेच लिव्हर पंप करा, पिस्टन मागे गेलेले असतात, पहिले काही दाब लिव्हर हँडलला टेकतो. लिव्हर कडक झाल्याशिवाय गाडी स्टँडवरून उतरवू नका. सेन्सर, वायर, मडगार्ड लावा. आता गाडी खाली घ्या, पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा जोरात दाबा, म्हणजे पिंच ढिले असलेला फोर्कचा मोकळा पाय एक्सलवर आपोआप सरकून आपली जागा घेतो, आणि त्यानंतर राहिलेले पिंच बोल्ट. हा भाग गाळला तर दोन्ही पाय समांतर बसत नाहीत आणि फोर्क अडकत अडकत चालतो.

हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून होज आणि वायर कुठे ताणली जात नाही ना ते बघा. फोर्क पूर्वीपेक्षा वर सरकवून गाडी खाली केली असेल तर पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला किंवा रेडिएटरला लागत नाही याची खात्री करा, २१ इंची चाकाला जागा तशीही कमीच उरते. डिस्कवर बोटांचं ग्रीस लागलं असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा. चालू केल्यावर एबीएसचा दिवा लागलेलाच दिसेल, थोडं चालवल्यावर तो विझतो. नाही विझला तर सेन्सरचा कनेक्टर नीट बसलेला नाही, परत या. पहिली चक्कर मोकळ्या जागेत, हळू, दोन-चार ब्रेक मारून. घरी आल्यावर टीचे सहा बोल्ट, पिंच बोल्ट आणि कॅलिपरचे बोल्ट परत एकदा टॉर्क पान्याने तपासा, आणि सीलखाली बोट फिरवून बघा ओलं लागतंय का.