सहावी ते नववीच्या मुलांसाठी अॅनिमेशनपट कसा पारखावा

आमच्या बीडकडच्या घरांत अॅनिमेशनपट म्हटला की मोठी माणसे निर्धास्त होतात आणि ‘कार्टूनच तर आहे’ असे म्हणत टीव्हीचा रिमोट मुलांच्या हवाली करतात. अॅनिमेशन ही चित्रपट घडवण्याची एक पद्धत आहे. त्यावरून प्रेक्षकाचे वय ठरत नाही. जपानच्या स्टुडिओ घिबलीने एप्रिल १९८८ मध्ये ‘माय नेबर टोटोरो’ आणि ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हे दोन चित्रपट जोडीने प्रदर्शित केले. पहिला पाच वर्षांच्या मुलालाही दाखवता येईल असा, तर दुसरा युद्धात अनाथ झालेल्या भावाबहिणीच्या उपासमारीचा आणि मृत्यूचा आहे.

पारख करताना सुरुवात सेन्सॉर मंडळाच्या प्रमाणपत्रापासून करावी. चित्रपटगृहात ते पडद्यावर येते तेव्हा आपण बहुधा खुर्ची शोधत असतो. २०२४ च्या नियमांनी पूर्वीच्या सरसकट ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या) श्रेणीचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग केले आहेत. हे आकडे पालकांना दिलेली सूचना आहेत. त्यांच्या आधारे दारावरचा माणूस मुलाला अडवत नाही, त्यामुळे निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. ओटीटीवरही वयोगट आणि आशयाचे स्वरूप सुरुवातीला दाखवणे २०२१ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि १३+ पासून पुढच्या आशयाला पालकांनी कुलूप लावण्याची सोय असते. ती एकदा पाच मिनिटे काढून लावून ठेवावी.

प्रमाणपत्रावरून चित्रपटात काय आहे याचा अंदाज येतो, पण ते कसे हाताळले आहे हे कळत नाही. त्यासाठी चित्रपट आपण आधी पाहणे याला पर्याय नाही. वेळ नसेल तर पहिली पंधरा मिनिटे आणि शेवटचा अर्धा तास तरी न पळवता पाहावा. पाहताना मारामारी किती आहे हे मोजत बसू नये. मार बसलेल्याला दुखते का, आणि कोणी मेले तर उरलेल्यांना रडायला सवड मिळते का, हे पाहावे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मृत्यू ठाऊक असतो. त्याला त्रास होतो तो दुःख दाखवून लगेच विनोदाकडे वळणाऱ्या चित्रपटाचा. लठ्ठ, काळ्या किंवा लंगड्या पात्रालाच खलनायक केले आहे का, याकडेही लक्ष द्यावे, कारण त्यातली नावे दुसऱ्या दिवशी वर्गात कोणाला तरी चिकटतात.

हिंदीत डब केलेला चित्रपट त्याच रूपात तपासावा. भाषांतर करणारे कधी कधी मूळात नसलेले टोमणे भरतात, आणि मूळ आवृत्ती पाहून आपण निश्चिंत झालेलो असतो.

यानंतरची पायरी म्हणजे समोरचे मूल. शेजारची सातवीतली एक मुलगी, आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे आजीजवळ राहणारी, आमच्याकडे एक निरुपद्रवी ‘यू’ (सर्व वयांसाठी खुला) प्रमाणपत्राचा चित्रपट पाहत होती. लढाईच्या प्रसंगांत ती हसली. मात्र एक पिल्लू संध्याकाळी वाटेकडे डोळे लावून बसते त्या साध्या दृश्याला ती उठली, ‘नळाला पाणी आलं का बघून येते’ म्हणाली आणि परत आली नाही. त्या दिवशी नळाची पाळीही नव्हती. अशा प्रसंगाची सूचना कोणतेही मंडळ देऊ शकणार नाही. ती घरातल्या माणसालाच आधी सुचायला हवी. म्हणून मुलाच्या घरात सध्या काय चालले आहे, आजारपण, कर्ज, कोणाचे जाणे, हे मनात धरूनच निवड करावी.

उलट बाजूची चूकही आपल्याकडे बरीच होते. आठवीतल्या मुलाला पाच वर्षांच्या मुलासाठी केलेले काही दाखवले, तर तो दहा मिनिटांत मोबाइल काढतो आणि पुढे आपल्या निवडीवर विश्वास ठेवत नाही. या वयाला पात्रांचे चुकणे, मैत्रीतला दगा, आईवडिलांशी मतभेद हवे असतात. थोडे अवघड असले तरी शेजारी बसून पाहता येईल असे काही निवडलेले बरे.

चित्रपट संपल्यावर ‘आवडला का?’ असे विचारू नये. ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. ‘तू त्याच्या जागी असतास तर घरी सांगितलं असतंस का?’ असे विचारले की मूल बोलते. न बोलल्यास दोन दिवस थांबावे. मध्येच उठून गेलेल्या मुलाला तर लगेच मुळीच छेडू नये. त्या मुलीला आम्ही काही विचारले नाही. शिमग्याच्या सुमारास आईवडील परतले तेव्हा तिने तोच चित्रपट मागून घेतला आणि आईला शेजारी बसवून शेवटपर्यंत पाहिला.