ग्रीसमध्ये जिन गाळायला शिकायचं असेल तर

पहिले तीन आठवडे मी बाटल्यांवर लेबलं चिकटवली. चौथ्या आठवड्यात भट्टी घासायला मिळाली आणि पाचव्यात पहिल्यांदा ज्युनिपरच्या, म्हणजे जिनला तिचा वास देणाऱ्या फळांच्या, पोत्यात हात घातला.

फ्रान्समध्ये मास्टर्स करताना सहा महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची होती. वर्गातले जवळजवळ सगळे वाइनकडे गेले. मी गोव्यातल्या डिचोलीची, मामाची काजूची फेणी गाळायची भाटी बघत वाढलेली, त्यामुळे मला गाळायचंच काम हवं होतं. पन्नासेक ईमेलनंतर ग्रीसमधल्या लारिसाजवळ, तिर्नावोसच्या भागातली एक लहानशी घरगुती डिस्टिलरी "ये" म्हणाली. ऊझो आणि त्सिपुरो ही ग्रीक मद्यं करणारं जुनं घर, आणि धाकट्या पिढीच्या हट्टापायी नुकतीच सुरू झालेली जिन. हल्ली बरीच मुलं मला विचारतात, तिकडे शिकायला जावं का, कसं जावं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी एक गैरसमज. जिनला द्राक्षं लागत नाहीत, काहीही आंबवावं लागत नाही. त्सिपुरो वाइन करताना उरलेल्या द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळतात, तिथे आंबवण्यापासून सगळं आपलं. जिनसाठी मात्र 96 टक्क्यांचं, ना वास ना चव असलेलं शुद्ध अल्कोहोल बहुतेक जण विकतच आणतात. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, "दारूच विकत आणली तर मग तुम्ही गाळता काय?" प्रश्न रास्त होता. आपण गाळतो तो वास. ज्युनिपर, धणे, मुळं, साली त्या अल्कोहोलमध्ये भिजवायच्या आणि त्यांच्यातलं तेल वाफेबरोबर वर न्यायचं.

इथेच ग्रीस फायद्यात आहे. ऊझोही याच तऱ्हेने होतो: शुद्ध अल्कोहोल, ॲनिस (बडीशेपेसारखं बी) आणि तांब्याची भट्टी. तिथे भट्टीला 'कझानी' म्हणतात. म्हणजे भांडं होतं, हात होते, वास ओळखणारी नाकं होती. अथेन्समध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत कॉकटेल बार असे वाढले की 'द क्लम्झीज' 2020 साली जगातल्या पन्नास उत्तम बारच्या यादीत तिसरा आला. 2014 मध्ये चार बारटेंडरांनी 'थ्री सेंट्स' नावाने टॉनिक आणि सोडे काढले, आणि 2022 मध्ये कोका-कोला एचबीसीने ती कंपनी विकत घेतली. टॉनिक घरचं, बार घरचे, मग जिन बाहेरून का आणायची, असं कुणाला तरी वाटणारच होतं. एव्हिया बेटावर खाल्किदाच्या डिस्टिलरीत होणारी 'ग्रेस' ही त्यातली एक, तिच्यामागे तीन बायका आहेत. जायच्या आधी निदान एवढी नावं तरी माहीत असू द्या. मुलाखतीत मला पहिला प्रश्न हाच होता: "आमची कुठली जिन प्यायलीस?" मी एकही प्यायले नव्हते.

आता भट्टीकडे या. आमची भट्टी 300 लिटरची. 100 लिटर अल्कोहोल, त्यात पाणी घालून ते 55 टक्क्यांच्या आसपास आणायचं. ज्युनिपर 2 किलो, धणे 800 ग्रॅम, थोडं अँजेलिकाचं मूळ, लिंबू-संत्र्याची साल, आणि ऑलिंपसच्या बाजूचा डोंगरी चहा. रात्रभर भिजत ठेवायचं, सकाळी मंद आंच. पहिली धार पडते तिला 'केफाली' म्हणतात, म्हणजे डोकं. मधलं 'कार्दिया', काळीज, तेच बाटलीत जातं. शेवटचं 'उरा', शेपूट. आपल्याकडे भाटीवरही धार बघूनच ठरवतात, त्यामुळे मला वाटलं हे तर येतंच. पण मामा धार तोडतो ती तोंडाला लागणाऱ्या तिखटपणावर, आणि इथे तोडतात वासावर. सुरुवातीला सालींचा आंबटगोड वास येतो, मग ज्युनिपर भरभरून, मग धणे, आणि शेवटी मुळांचा मातकट, ओल्या लाकडासारखा वास. तो ओला वास काळजात किती येऊ द्यायचा, त्यावर जिनची सगळी मदार. घरातले आजोबा, ज्यांना सगळे 'पापू' म्हणत, दर पाच मिनिटांनी छोट्या पेल्यात थोडं धरून, तेवढंच पाणी घालून हुंगायचे. ठरलेल्या क्षणी बोट वर करायचे. मी अल्कोहोलच्या मीटरकडे बघायची, तो साठ टक्क्यांच्या आसपास असायचा, पण रोज तोच आकडा नसायचा.

ज्युनिपरविषयी एक गोष्ट कुठल्या वर्गात नीट सांगितली नव्हती. ज्याला आपण बेरी म्हणतो ते झाडाचं शंकूफळ असतं, ते पिकायला दोन वर्षं घेतं. त्यामुळे एकाच फांदीवर हिरवी आणि निळी-काळी फळं एकदम असतात, आणि वेचताना हिरवी मिसळली तर जिन कडवट, कच्च्या पाल्यासारखी होते. आमचं पोतं उत्तर मॅसिडोनियातून यायचं. बाटलीवर ग्रीक डोंगराचं चित्र आणि आत शेजारच्या देशातला ज्युनिपर, याची मला आधी गंमत वाटली. मग मी दोन दिवस बसून ती पोती निवडली, तांदूळ निवडतात तशी. तेव्हापासून चित्राबद्दल काही म्हणत नाही. ग्रीसच्या किनाऱ्यांवर 'केद्रोस' म्हणून जी झाडं दाखवतात तीही ज्युनिपरच्याच कुळातली, पण युरोपीय कायद्यानुसार जिनला ज्युनिपेरस कॉम्युनिस हीच जात लागते. तिचा स्वाद सगळ्यांच्या पुढे हवा आणि अल्कोहोल निदान 37.5 टक्के. 'लंडन' जिन म्हणायची असेल तर लिटरला 0.1 ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको. कुणी आवड म्हणून हौसेने रानातली फळं आणून टाकायची म्हटली तर सांभाळून, याच कुळातली सबाइना नावाची जात विषारी आहे.

माझी पहिली चूक धण्यांची. घरून आणलेल्या डब्यात आईने धणे दिले होते. पापूंनी एक लहान घाणा माझ्यावर सोपवला, तर मी मोठ्या अभिमानाने ते धणे वापरले, वजन तेच. जिन फिकी झाली, मधला भाग रिकामा. मग कळलं की युरोपात वापरतात ते धणे बारीक, गोल, आणि त्यांच्यात तेल कितीतरी जास्त. आपले मोठे, लांबट, वासाला गोड, पण तेल कमी. कृतीत 'धणे 800 ग्रॅम' लिहिलेलं असतं, पण कुठले, ते लिहिलेलं नसतं. नवीन पोतं आलं की एक लिटरची काचेची भट्टी लावून आधी गाळून बघायचं, ही सवय तेव्हा लागली.

दुसरी चूक मोठी. खिऑस बेटाच्या दक्षिण भागात मास्तिखा नावाचा सुवासिक डिंक देणारी झाडं आहेत. उन्हाळ्यात सालीला चिरा देतात, खाली पांढरी चुन्याची भुकटी पसरलेली असते, तिच्यावर डिंकाचे थेंब पडून घट्ट होतात. 2014 पासून ही कला युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. ग्रीक जिनमध्ये मास्तिखा घालायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला. त्यात आणि ज्युनिपरमध्ये अल्फा-पायनीन हे एकच द्रव्य भरपूर असतं, म्हणजे दोघांचा सूर एकच. थोडा मास्तिखा ज्युनिपरला उचलून धरतो. मी थोडा नाही, भरपूर घातला. शिवाय खडे सरळ भट्टीत टाकले. ते गरम झाल्यावर मऊ पडून तांब्याच्या बुडाला चिकटले, आणि मी दीड दिवस ते अल्कोहोलने घासत होते. पापूंनी नंतर दाखवलं, पातळ कापडात पुरचुंडी बांधून वर लटकवायची.

तरी खरी फजिती पुढे झाली. गाळलेली जिन 80 टक्क्यांच्या आसपास असते, तिच्यात हळूहळू पाणी घालून 43 वर आणायची. मी पाणी ओतत गेले आणि पन्नासच्या खाली आल्यावर पिंपात दूध दिसायला लागलं. तेल जास्त झालं की अल्कोहोल उतरल्यावर ते विरघळलेलं राहत नाही, बारीक थेंब होऊन पाणी पांढरं दिसतं. ऊझोत पाणी घातल्यावर हेच होतं आणि त्यासाठी लोक पैसे मोजतात. पापू पिंपात डोकावले, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "छान. ऊझो केलास." त्या दिवशी जेवताना सगळ्या टेबलावर हाच विषय होता. जुने ऊझोवाले जिनकडे वळतात तेव्हा त्यांचाही हात याच ठिकाणी जड पडतो, असं ते नंतर म्हणाले. त्यांना पांढरेपणा म्हणजे दर्जा वाटत आलेला असतो.

हिशोब शिकल्याशिवाय जाऊ नका. ग्रीसमध्ये शुद्ध अल्कोहोलच्या 100 लिटरला 2550 युरो उत्पादनशुल्क आहे. 700 मिलीच्या 43 टक्के जिनच्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल 301 मिली, म्हणजे साडेसात युरोंच्या वर शुल्क, त्यावर 24 टक्के व्हॅट. ऊझोला शुल्क निम्मं. म्हणून छोट्या घरांत जिन ही अजून जोडीची वस्तू आहे. फक्त जिनचं काम मागत फिराल तर वर्ष वाया जाईल. शरद ऋतूत त्सिपुरोच्या हंगामाला माणसं लागतात, तिथून आत शिरणं सोपं. मी उशिरा समजून घेतलेली दुसरी गोष्ट म्हणजे कागदपत्रं. अल्कोहोलचा लिटर-लिटर नोंदवावा लागतो, आणि ज्याला ही नोंदवही ठेवता येते त्याला कुणी सहसा सोडत नाहीत. पण वही ग्रीकमध्ये असते. निघायच्या आधी लिपी तरी शिका, चार दिवसांचं काम आहे.

शिक्षणाचं म्हणाल तर अथेन्सजवळ वेस्ट ॲटिका विद्यापीठात वाइन, द्राक्षं आणि पेयांचा स्वतंत्र विभाग आहे. इंग्रजीतून शिकायचं तर एडिंबरोच्या हेरियट-वॉटचं ब्रुइंग आणि डिस्टिलिंग जुनं नावाजलेलं. तेही परवडत नसेल तर गोव्यात आता जिनच्या बऱ्या डिस्टिलरी आहेत. 'ग्रेटर दॅन' 2017 ची, 'स्ट्रेंजर अँड सन्स' त्यानंतरची. तिथे वर्षभर राबून मग युरोपला अर्ज केलात तर माझ्यासारखी तीन आठवडे लेबलं चिकटवावी लागणार नाहीत. दोन आठवडे लागतील.

दुधाळ जिन फेकली नाही. ती पुन्हा भट्टीत गेली, या वेळी मास्तिखाशिवाय, आणि शेपूट पापूंनी जरा लवकर तोडलं. ती बाजारात गेली नाही, घरच्यासाठी ठेवली. निघताना त्यातली एक बाटली मला दिली, त्यावर मीच चिकटवलेलं लेबल, थोडं वाकडं. मामाने ती वास घेऊन बाजूला ठेवली आणि विचारलं, "काजू कुठाय यात?"