जुन्या बुलेटचा कार्ब्युरेटर: दोष शोधण्याची रीत

ओतीव लोखंडी इंजिनाची, उजव्या पायाने गिअर टाकायची जुनी बुलेट ३५० घरी आणली की पहिल्या आठवड्यातच ठरावीक तक्रारी सुरू होतात. गाडी सुरू होते पण स्लोला (मूठ सोडलेली असताना) टिकत नाही, सिग्नलला बंद पडते, चढावर झटके देते आणि सायलेन्सरमधून फटाके वाजवते. त्यावर गॅरेजमध्ये बहुधा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे नवा कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पुरवणारा भाग) टाका. हे उत्तर घाईचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत कार्ब्युरेटर सहसा झिजलेला नसतो, तो तुंबलेला असतो किंवा जोडापाशी हवा ओढत असतो. आणि कित्येकदा तर त्याच्यावर येणारा आळ मुळात पेट्रोलच्या टाकीचा किंवा करंटचा असतो.

म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी पेट्रोल येते का ते पाहावे. कार्ब्युरेटरकडची नळी काढून तिचे टोक काचेच्या बाटलीत धरावे आणि टाकीचे झाकण लावलेलेच ठेवून कॉक उघडावा. धार दोन मिनिटे सारखी पडली पाहिजे. ती हळूहळू बारीक होऊन थांबत असेल आणि झाकण सैल करताच पुन्हा जोर धरत असेल, तर झाकणातले हवेचे भोक बुजले आहे. दहा किलोमीटरवर बंद पडणारी आणि थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू लागणारी गाडी बहुधा याच कारणाने छळते. झाकण उघडे असतानाही धार बारीकच पडत असेल, तर कॉकची जाळी काढून धुवावी.

त्यानंतर करंट, म्हणजे ठिणगीसाठीची वीज, पाहावा. पॉइंटच्या (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काच्या) गाडीत इग्निशन चालू करून किक हाताने सावकाश दाबली, तर ॲमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा डिस्चार्जकडे जाऊन पुन्हा मध्यावर आला पाहिजे. काटा हलतच नसेल, तर दोष बॅटरीत, वायरिंगमध्ये किंवा पॉइंटमध्ये आहे. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे भाग) इंजिन थंड असताना असे लावावेत की पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दोन बोटांनी सहज फिरेल, पण वरखाली हलणार नाही. हे सारे ठीक असल्याची खात्री झाल्याशिवाय कार्ब्युरेटरचा एकही स्क्रू फिरवू नये, कारण मग दोन चुका एकमेकींत मिसळतात आणि कोणती कशामुळे झाली हे कळेनासे होते.

आता दोष कार्ब्युरेटरच्या कोणत्या भागात आहे हे ठरवायचे. त्यासाठी ॲक्सिलरेटरच्या मुठीवर कागदी टेपची पट्टी चिकटवून पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा कराव्यात, शेजारच्या स्थिर भागावर एक रेघ ओढावी आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक भोकाचा पितळी तुकडा. स्लोपासून पाव मुठीपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू (हवेचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) यांचे राज्य असते, पाव ते पाऊण या टप्प्यात मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडला जोडलेली सुई काम करते आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. वेग किती होता याला येथे महत्त्व नाही, मूठ किती उघडी होती याला आहे. ज्या खुणेवर गाडी अडखळते, तिथे ती धरून ठेवून चोक किंचित लावून पाहावा: चालण्यात सुधारणा झाली तर त्या टप्प्यात पेट्रोल कमी पडते आहे, आणि गाडी आणखी गुदमरली तर पेट्रोल जास्त जाते आहे. ही एवढी चाचणी नीट केली, तर निम्मे काम कार्ब्युरेटर न उघडता होते.

माझी बुलेट फलटणजवळच्या एका गोठ्यात सहा वर्षे उभी होती. मिकार्बचा (माझ्या गाडीवरच्या कार्ब्युरेटरचा) खालचा, पेट्रोल साठवणारा बाऊल सोडवला तेव्हा पेट्रोलचा वास आलाच नाही, आला तो जुन्या व्हार्निशचा. आणि तळाशी गुळाच्या पाकासारखा तपकिरी, चिकट थर जमलेला होता. मेन जेट उजेडाकडे धरला तर भोक दिसत होते, पायलट जेटमधून मात्र काहीच दिसत नव्हते. गाडी पाऊण मुठीला झकास पळत होती आणि सिग्नलला मरत होती, त्याचे कारण त्या केसाएवढ्या भोकात होते.

साफसफाई उघड्यावर, कॉक बंद करून आणि जवळपास ज्योत किंवा विडी-सिगारेट नसताना करावी. पितळी जेट सोडवताना खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्यावा, कारण खाच एकदा बिघडली की जेट काढणे फार अवघड होते. फ्लोट (बाऊलमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग), वॉशर आणि रबराचे सर्व भाग आधी बाजूला काढावेत, मगच धातूच्या भागांवर कार्ब क्लीनर फवारून ते काही तास भिजू द्यावेत आणि प्रत्येक वाटेतून कॉम्प्रेसरची हवा सोडावी. बॉडीतल्या आडव्या वाटाही विसरू नयेत; इंजिनाकडच्या तोंडाशी पायलटचे जे बारीक छिद्र असते, त्यातून फवारा बाहेर पडताना डोळ्यांनी दिसला पाहिजे. क्लचच्या केबलची तार जेटमध्ये घालण्याची सवय गॅरेजमध्ये सर्रास दिसते, ती मोडून काढावी. पोलादी तारेने पितळेचे भोक मोठे होते आणि जेटवरचा आकडा त्यानंतर खोटा ठरतो. तीन वेळा भिजवूनही भोक मोकळे झाले नाही, तर त्याच आकड्याचा नवा अस्सल जेट घ्यावा.

कार्ब्युरेटर परत बसवताना हवेच्या गळतीकडे लक्ष द्यावे. इंजिन आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड ठोकळा असतो. नट वाजवीपेक्षा जास्त आवळल्याने कार्ब्युरेटरची फ्लँज (जोडाची सपाट कड) किंचित वाकते आणि मधली फट बाहेरची हवा ओढू लागते. फ्लँज काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवली की डुगडुगते का ते लगेच समजते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा वेग लवकर उतरत नसेल, स्लो कधी वर तर कधी खाली होत असेल, तर ही गळती जवळपास नक्की समजावी. चालू इंजिनावर जोडाभोवती साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला तर जागा सापडली. या कामासाठी ज्वालाग्राही फवारे तापलेल्या इंजिनावर वापरू नयेत.

ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकत असेल, तर फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरले आहे का ते ऐकावे आणि फ्लोटच्या सुईच्या टोकाला गोल खाच पडली आहे का ते पाहावे. हा दोष किरकोळ मानू नये. रात्रभर कॉक उघडा राहिला तर पेट्रोल इंजिनात उतरून ऑइल पातळ करते, म्हणून अशा गाडीच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असल्यास ते बदलल्याशिवाय किक मारू नये. मूठ कितीही उघडली तरी प्लग काळाच पडत असेल, तर चोकच्या दांड्याच्या टोकाचे रबर तपासावे. ते झिजले की चोक बंद असूनही पेट्रोल जात राहते.

एअर स्क्रूची सेटिंग इंजिन पूर्ण तापल्यावरच करावी. स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत आत न्यावा, तिथून दीड फेरा बाहेर घ्यावा आणि मग पाव-पाव फेरा फिरवत जिथे इंजिनाचा वेग सर्वांत चढतो ती जागा शोधावी. नंतर स्लाइडच्या स्क्रूने स्लो खाली आणावा. मिकार्बमध्ये हा स्क्रू हवेचा आहे, त्यामुळे तो आत नेला की पेट्रोलचे प्रमाण वाढते, हे ध्यानात ठेवावे. उत्तम जागा अर्ध्या फेऱ्याच्या आत येत असेल तर पायलट जेट अजून तुंबलेला किंवा लहान आहे, आणि अडीच फेऱ्यांच्या पलीकडे जात असेल तर तो मोठा आहे.

सुई आणि मेन जेट यांना हात सर्वांत शेवटी लावावा, आणि तोही आधीच्या मालकाने काय बदलले आहे हे पाहून. एअर फिल्टर काढलेला किंवा इंदोरी (बाहेरचा, मोठ्या आवाजाचा) सायलेन्सर लावलेला असेल, तर आधी मूळ वस्तू परत बसवाव्यात. सुईची क्लिप खालच्या खाचेत नेली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. एका वेळी एकच खाच बदलावी आणि वहीत नोंद करावी. इथेनॉलचाही विचार करावाच लागतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला सुमारे १३.५, म्हणजे जुन्या जेटवर गाडीला इंधन थोडे कमीच मिळते. साफसफाई आणि जोड निर्दोष असूनही प्लग पांढराफटक (इंधन कमी पडल्याची खूण) पडत असेल, तर एक नंबर मोठा मेन जेट लावून पाहणे योग्य ठरते. प्लग बिस्किटाच्या रंगाचा आला की थांबावे. कोकणात बरोबर लावलेली गाडी सुमारे तेराशे मीटर उंचीच्या महाबळेश्वरला विरळ हवेमुळे थोडी जड चालेल, त्यासाठी जेट बदलत बसू नये.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि हवेतला ओलावा धरते, म्हणून पेट्रोलची नळी आणि वॉशर नवेच घालावेत आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाऊल रिकामा करावा. टाकीतला गंज मात्र एका धुण्याने संपत नाही. कॉकखाली पारदर्शक फिल्टर लावून दोनशे किलोमीटरनंतर बाऊल पुन्हा उघडावा. माझ्या गाडीत दुसऱ्या खेपेला तळाशी चिमूटभर तांबूस भुकटी निघाली, तिसऱ्या खेपेला फिल्टर पिवळसर झाला होता आणि बाऊल स्वच्छ होता, आणि त्यानंतर एअर स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर आहे तिथेच राहिला आहे.