गोव्यातलं घर आणि इंटरनेट: वेगाआधी पाऊस पाहा

जाहिरातीतल्या 300 एमबीपीएसला भुलू नका. एका एचडी व्हिडिओ कॉलला येता-जाता 3-4 एमबीपीएस पुरतात, त्यामुळे चौघांच्या घरात 50 चा प्लॅनही निभावतो. फक्त अपलोड किती ते विचारून घ्या. आणि प्लॅनच्या भाड्यात 18 टक्के जीएसटी धरलाय का, तेही.

गोव्यात खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. शेजारच्या दोन-तीन घरांत विचारा: गेल्या पावसात लाइन किती दिवस बंद होती, दुरुस्तीला माणूस कधी आला? सत्तरी-सांग्याच्या आतल्या वाड्यांवर निवड तशीही थोडकीच.

फायबर मिळत असेल तर तेच घ्या. एअरफायबरला, म्हणजे 5जी टॉवरवरून घरच्या रिसीव्हरवर येणाऱ्या इंटरनेटला, खांबावरची तार लागत नाही, पण टॉवर आणि रिसीव्हरच्या मध्ये भिजलेले माड-फणस आले की सिग्नल पडतो. घेण्याआधी त्याच कंपनीचं सिम 5जी फोनमध्ये घालून गच्चीवर सकाळी आणि रात्री 9 ला स्पीड टेस्ट करा. रात्री अपलोड 5 च्या खाली जात असेल तर नाद सोडा.

फायबर जोडायला आलेल्या माणसाला तारेतून येणारा प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावायला सांगा. उणे 15 ते उणे 25 डीबीएम ठीक. उणे 27 च्याही खाली, म्हणजे उणे 28-29 कडे, गेलं तर लाइन सारखी तुटणार. दोष बहुधा खिडकीच्या कोपऱ्यात तार करकचून वाकवल्याचा किंवा कनेक्टरवरच्या धुळीचा. राउटरवरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल झाला म्हणजे प्रकाशच पोचत नाही. मग राउटर बंद-चालू करत बसू नका, सरळ तक्रार नोंदवा.

वीज जाणारच. राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट-अँपिअर लिहिलेले असतात, बहुतेकदा 12 व्होल्ट. मिनी यूपीएस तेवढ्याच व्होल्टचा घ्या, अँपिअर तेवढे किंवा जास्त. उपकरण 10 वॉट खात असेल तर 30 वॉट-तासांची बॅटरी अडीच तासांच्या आसपास टिकते.

जुन्या घराच्या जाड चिऱ्याच्या भिंतींपुढे 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय दुसऱ्याच खोलीत दम टाकतं. रिपीटरवर पैसे घालू नका. राउटरपासून कॅट-6 ही नेटवर्कची केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा) लावा.

जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम हवंच. दुसरं फायबर घेतलंत आणि त्याची तार त्याच खांबावरून आली, तर एकच माड दोन्ही तोडतो. कोकण रेल्वेचे बोगदे आणि चोर्ला घाट इथं मात्र कुठल्याच सिमवर विसंबून मीटिंग ठेवू नका; फाइली आधीच उतरवून घ्या. महिनोन्महिने बाहेर राहणार असाल तर वर्षाचं भाडं एकदम भरण्याआधी जोडणी तात्पुरती थांबवता येते का, ते लेखी घ्या.