नायक राहिले बाजूला, सगळे टपरीवाल्याच्या मागे

रेनपाय या संवादांवर चालणारे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेमकथेचा गेम बनवत होतो. नायक दोन, दोघांवर महिनोन्‌महिने घाम गाळलेला. आणि चाचणीला बसलेली मंडळी विचारतात काय, तर "टपरीवरच्या सदाला पटवता येतं का?" सदाच्या वाट्याला जेमतेम ११ संवाद!

स्क्रिप्ट पुन्हा वाचली तेव्हा चूक कळली. सदाशी बोलताना मी पर्यायांचा मेनू दिला होता, वर लाजऱ्या हसूचं वेगळं चित्र. अशा गेममध्ये मेनू दिसला की खेळणाऱ्याला वाटतं, इथे जवळिकीचे गुण मोजले जातायत, म्हणजे हा पटणार. शिवाय नायिकेला चहा बिनसाखरेचा लागतो, हे फक्त सदाच लक्षात ठेवायचा. (खरं सांगायचं तर मलाही तोच आवडायला लागला होता.)

'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेमने २०१६ मध्ये १.१ आवृत्तीत शेन आणि एमिली या पात्रांशी लग्नाची सोय केली, तसं करायचा मोह झाला. पण सदासोबतच्या प्रेमकथेचा आणखी एक अख्खा मार्ग लिहिणं झेपणारं नव्हतं. मग मेनू काढला, हसू काढलं, बिनसाखरेची आठवण एका नायकाकडे दिली. सदाच्या मागे पहिल्याच भेटीत साखरपुड्याची धावपळ लावली. शेवटी मात्र मैत्रीचा छोटा प्रसंग ठेवला: पाऊस, दोन कटिंग, गप्पा.

पुढच्या चाचणीत एकीनेच विचारलं, "साखरपुडा मोडता येतो का?"