जड ओंडका न उचलता कसा फोडावा

सरपण फोडताना भीती वाटते कुऱ्हाडीची, पण पाठीत उसण भरते ती ओंडका उचलताना. ५० सेंटिमीटर जाडीचा, ४० सेंटिमीटर लांबीचा ओला ओंडका ७०-८० किलो सहज भरतो. जाडी दुप्पट झाली की तेवढ्याच लांबीच्या ओंडक्याचं वजन चौपट होतं, म्हणून नजरेचा अंदाज हमखास फसतो. असा ओंडका ठोकळ्यावर चढवायचाच नाही. तो जमिनीवरच फोडायचा.

रास लावलेली असेल तर सर्वांत वरचा ओंडका आधी काढा. खालचा ओढला की वरचे घरंगळत पायावर येतात. उतारावर ओंडक्याच्या खालच्या बाजूला कधीच उभं राहू नका. तिथे दगड टेकवून ठेवा. हलवायचा तर लोळवा, रुतला असेल तर पहार घालून उचका. उभा करताना गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा आणि जोर पायांतून येऊ द्या. बोटं ओंडक्याखाली जाता कामा नयेत.

आता ओंडक्याच्या तोंडाकडे नीट बघा. वाळलेल्या लाकडाला मध्यापासून कडेकडे गेलेल्या भेगा असतात. लाकूड तिथेच फुटायला तयार असतं. तरी जाड ओंडक्यावर पहिला घाव मध्यावर नको. कुऱ्हाड रुतून बसते आणि ती सोडवताना तोल जातो. कडेच्या ढलप्या काढत आत या. पाय फाकवून ओंडक्याच्या अगदी समोर उभे राहा. घाव खाली येताना गुडघे वाकवा, म्हणजे नेम चुकला तरी पातं जमिनीत जाईल, नडगीवर येणार नाही.

गाठाळ लाकडाला पाचर आणि घण लागतो. पाचरी दोन हव्यातच, एक अडकली की दुसरी तिला सोडवते. पाचर हलक्या ठोक्यांनी बसवा, हात काढा, मगच जोराने हाणा. टणटण आवाजात मधेच चर्र असं ऐकू आलं की तंतू तुटताहेत. अशा वेळी भेगेत बोटं घालून लाकूड फाकवायचा मोह होतो. तो टाळाच, पाचर निसटली तर भेग मिटते आणि बोटं चिरडतात. पाचरीचं डोकं ठोकून ठोकून पसरलं असेल तर आधी घासून घ्या, त्याचे कपचे उडतात. चष्मा हवाच. कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारू नका.

ढलप्या निघून गाभा सहज उचलण्याइतका हलका झाला, की तो ठोकळ्यावर घ्या.